खोक्यातला देवमासा

दाताचे डॉक्टर जेवणवेळेच्या आत खोकं बघायला येणार होते, म्हणून सीलबंदरावांनी भल्या सकाळीच मेव्हण्याला बोलावून घेतलं. काम तसं एवढंसंच होतं. खोकं दोन हात दाराकडे घ्यायचं, म्हणजे डॉक्टरांना उजेडात चारी बाजूंनी फिरून बघता येईल. मेव्हणा वायरमन, अंगापिंडाने दणकट आणि बहिणीच्या घरी नाश्ता आहे म्हटल्यावर कुठल्याही कामाला तयार. त्याने खोक्याला खांदा लावला, सीलबंदरावांनी ‘जपून, जपून’ असा जप लावला, खोकं बोटभर सरकलं आणि आतून आवाज आला.

खुळखुळ.

“भाऊजी, आत काहीतरी वाजतंय.”

“वाजेल कसं? सीलबंद आहे ते!”

“सीलबंद आहे म्हणूनच आत वाजतंय. उघडं असतं तर बाहेर पडलं असतं.”

सीलबंदराव मटकन खुर्चीवर बसले. खुर्चीवरचं प्लॅस्टिक करकरलं. ते दुकानातून आलं तसंच होतं, आणि खुर्ची घेऊन बरीच वर्षं झाली होती.

या प्लॅस्टिकमागे एक तत्त्वज्ञान होतं. सीलबंदराव विमा कंपनीत सर्व्हेयर. जळालेली दुकानं, भिजलेली पोती, ठोकलेल्या गाड्या बघून त्यांची किती किंमत उरली हे ठरवायचं, यात अर्धं आयुष्य गेलेलं. त्यातून त्यांनी एकच सार काढलं होतं: वस्तू उघडली की किंमत पडली. त्यामुळे घरातल्या फ्रीजवर अजून दुकानातला स्टिकर होता, रिमोट पिशवीत होता, कपाटात नव्या शर्टांच्या चळती टाचण्यांसकट पडून होत्या आणि स्वतः ते कॉलर विरलेले दोन शर्ट आलटून पालटून घालत. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना सीलबंदराव म्हणायला सुरुवात केली आणि हे नाव कधी घरात शिरलं ते कुणालाच कळलं नाही.

पण या सगळ्या चिल्लर गोष्टी होत्या. खरी वस्तू म्हणजे ते खोकं. फ्रीजपेक्षा उंच, पिवळ्या पट्ट्यांनी आवळलेलं, आणि त्याच्या आत पिनबॉलचं, म्हणजे काचेखाली पोलादी चेंडू उडवायच्या खेळाचं, मशीन. साधंसुधं नाही, ‘सागरतळ’ या खेळाची मर्यादित आवृत्ती. कंपनीने जगासाठी फक्त तीनशे काढली आणि साचा मोडून टाकला, असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. लहानपणी सीलबंदरावांनी स्टेशनसमोरच्या एका दुकानात असलं मशीन काचेला नाक लावून पाहिलं होतं. खिशात नाणं नव्हतं. त्या दिव्यांची आठवण त्यांच्या मनात कुठेतरी तशीच जळत राहिली होती, आणि तीन वर्षांपूर्वी बोनसचे पैसे हातात आले तेव्हा सर्व्हेयराने आणि त्या पोराने मिळून हे मशीन मागवलं. पोराला खेळायचं होतं. सर्व्हेयर म्हणाला, उघडायचं नाही. सर्व्हेयर पगार आणत असल्यामुळे त्याचंच चाललं.

घराची सगळ्यात मोठी खोली खोक्याला मिळाली. उन्हाने पुठ्ठ्याचा रंग उडू नये म्हणून खिडकी कायमची बंद. खोक्याच्या चारी बाजूंना तीन-तीन फूट सोडून फरशीवर चिकटपट्टी लावलेली. पट्टीच्या आत पाऊल ठेवायचा अधिकार फक्त सीलबंदरावांना आणि त्यांच्या ओल्या फडक्याला. रोज सकाळी ते स्वतः खोक्याच्या कडेकडेने फरशी पुसत, अगदी पुठ्ठ्याला फडकं टेकवून, धुळीचा कण राहू नये म्हणून. ऑफिसला जाताना खोक्याकडे असे बघत की बायकोला कधी कधी मत्सर वाटे.

बायको शिवणकाम करायची. भाऊ तिला ताई म्हणायचा, तशी सगळी गिऱ्हाइकंही ताईच म्हणत. खोली खोक्याला गेल्यापासून तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी होतं. एका हाताने पोळी उलटायची आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवायचं. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक रेशमी झगा घेऊन परत आलं. “ताई, शिलाईला नाव ठेवायला जागा नाही, पण याला कांद्याचा वास येतो.” त्या रात्री ताई काही बोलली नाही, आणि ताई बोलत नाही म्हणजे काय ते सीलबंदरावांना माहीत होतं. त्यांनी शब्द दिला. किंमत आता चांगली चढली आहे, दाताचे डॉक्टर असल्या मशीनचे मोठे संग्राहक आहेत, विकून टाकतो, खोली तुझी.

आणि आज ते डॉक्टर यायचे तर खोकं वाजत होतं.

“परत एकदा हलव,” सीलबंदराव म्हणाले.

खुळखुळ. या वेळी जास्तच.

मेव्हण्याने पुठ्ठ्याला कान लावला. “स्क्रू सुटलेत. एक-दोन नाही हां, शे-दोनशे तरी असतील.”

“शे-दोनशे स्क्रू सुटल्यावर मशीन उभं तरी राहील का रे?”

“ते खोक्याच्या आधाराने उभं आहे.”

दारात सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या रोज सकाळी पेला घेऊन याच खोलीत येऊन बसत. बंद खिडकीच्या त्या कोंदट खोलीत त्यांना म्हणे फार शांत वाटायचं.

“जावईबापू, उगाच कशाला हलवताय? जुनी वस्तू आहे, वाजायचीच. माझे गुडघे नाही वाजत?”

“अहो आई, डॉक्टर हलवून बघणारच ना. एवढी किंमत मोजणारा माणूस हलवल्याशिवाय घेईल का?”

“मग उघडून बघा की एकदाचं,” ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

“उघडू नका!” सीलबंदराव आणि सासूबाई एकाच वेळी किंचाळले. सासूबाईंचा आवाज जरा वरचाच लागला. सीलबंदरावांना भरून आलं. या घरात आपलं मन जाणणारं एक तरी माणूस आहे, असं त्यांना वाटलं.

मेव्हण्याने डोकं चालवलं. खोकं उचलायला दोन्ही बाजूंना हात घालण्यापुरती भोकं होती. त्यातून ताईच्या चिंध्या आत कोंबल्या तर आवाज दबेल.

“ही शुद्ध फसवणूक आहे,” सीलबंदराव ताठ होऊन म्हणाले. “असल्या लबाड्या करणाऱ्यांचे दावे मी आयुष्यभर नामंजूर करत आलोय.” मग थोडा वेळ खोक्याकडे बघून म्हणाले, “किती चिंध्या लागतील?”

मेव्हण्याने अंदाज घ्यायला भोकातून हात आत घातला, चाचपला आणि बाहेर काढला. बोटं पांढरी झाली होती.

“भाऊजी, पीठ.”

“पीठ?”

“आत पीठ झालंय मशीनचं.”

सीलबंदरावांनी ती बोटं स्वतःच्या हातात घेऊन उजेडाकडे धरली. गंजलेलं लोखंड त्यांनी पाहिलं होतं, वितळलेलं तांबं पाहिलं होतं, वाळवीने खाल्लेली तिजोरीसुद्धा पाहिली होती. लोखंडाचं पांढरं पीठ झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. “नका रे त्यात हात घालू,” सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

इतक्यात फोन आला. डॉक्टर लवकर निघाले होते, आता पोचतीलच.

“ऐका,” मेव्हणा म्हणाला. “खोकं सरळ वर उचलू आणि एका अंगाला कलतं करू. जे सुटलंय ते सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसेल. मग हलवलं तरी वाजणार नाही.”

बुडत्याला काडीचा आधार. दोघांनी समोरासमोर उभं राहून भोकांत हात घातले. एक, दोन, तीन म्हटलं आणि जोर लावला. खोकं इतक्या सहज वर आलं की क्षणभर सीलबंदरावांना आपल्या ताकदीचा अभिमान वाटला. मग त्यांनी खाली पाहिलं.

खोकं वर आलं होतं. मशीन जागच्या जागी होतं.

तीन वर्षं रोज सकाळी प्रेमाने लावलेल्या ओल्या फडक्याने खोक्याचा तळ भिजून भिजून भाकरीसारखा मऊ झाला होता, आणि तो आता फरशीला चिकटून राहिला होता. वरचं खोकं टोपी काढावी तसं दोघांच्या हातात आलं, तिरकं झालं, मशीनच्या कोपऱ्यात अडकलं आणि टर्रकन वरपासून खालपर्यंत फाटलं. पिवळ्या पट्ट्या फटाफट तुटल्या. आणि खोक्याच्या पोटातून पांढऱ्या, गोल, छोट्या छोट्या वस्तूंचा लोट फरशीवर सुटला, चिकटपट्टीची हद्द ओलांडून थेट ताईच्या पायांपर्यंत गेला. ती पोळ्यांचं लाटणं हातात घेऊन धावत आली होती.

सीलबंदरावांनी डोळे मिटून घेतले. ताईने वाकून एक वस्तू उचलली, उलटसुलट करून पाहिली.

“आई,” ती म्हणाली, “या तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्या ना?”

सासूबाईंनी पेल्यातलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

“खडूसारख्या लागतात गं,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी तू हातावर ठेवून कामाला लागतेस. फेकायच्या कुठे? या खोक्याला कुणी हात लावत नाही, म्हटलं, यापेक्षा सुरक्षित जागा घरात नाही.”

मेव्हणा हसत हसत खाली बसला. ताईला हसावं की रागवावं कळेना. सीलबंदरावांचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. फाटलेल्या पुठ्ठ्यातून मशीनची एक बाजू दिसत होती. तिच्यावर खोल निळं पाणी रंगवलं होतं आणि पाण्यातून एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. तीन वर्षं एका घरात राहून दोघांची ती पहिली नजरानजर होती.

“आता झालंच आहे,” मेव्हणा उठत म्हणाला, “तर पाय लावून उभं करू. निदान चालू आहे एवढं तरी डॉक्टरांना दाखवता येईल.”

सीलबंदराव नाही म्हणाले नाहीत. मेव्हण्याने पाय जोडले, पाठीवर दुमडलेली उभी पाटी सरळ केली, पिशवीतले पोलादी चेंडू आत सोडले आणि वायर लावून बटण दाबलं.

खिडकी बंदच होती. त्या अंधाऱ्या खोलीत आधी एक निळा ठिपका उजळला, मग दुसरा, आणि बघता बघता काचेखाली आख्खा समुद्र जागा झाला. हिरव्या वनस्पती, लाल पोवळी, पितळी होड्या, आणि मधोमध काळा, चकचकीत, हातभर लांबीचा देवमासा. कुठून तरी खोलवरून संथ, जड सूर आला, फरशीतून पायांत चढला. छतावर निळं पाणी हलायला लागलं. मेव्हण्याच्या तोंडातला विनोद तोंडातच राहिला. सासूबाईंनी नकळत हात जोडले. ताईच्या हातातलं लाटणं निळं झालं होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “हे इतकी वर्षं आपल्या घरात होतं?”

सीलबंदराव पुढे झाले. त्यांनी चेंडू उडवायचा दट्ट्या ओढला आणि सोडला. चेंडू झेपावला, पोवळ्यांवर आपटून घंटा वाजवत आला आणि ते बघत राहिल्यामुळे चेंडू परत वर टोलवणाऱ्या खालच्या दोन पट्ट्यांच्या मधून सरळ निघून गेला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दुसरा गेला, त्याचंही नाही. तिसरा चेंडू पट्टीला लागून उलटा वर उडाला, आणि मग देवमाशाने तोंड उघडलं. खरोखर उघडलं. चेंडू गिळला, डोळे मिटले, सगळे दिवे विझले. अंधारात सगळ्यांचा श्वास अडकला. आणि एकदम त्याच्या पाठीतून पांढऱ्या उजेडाचं कारंजं थेट छतापर्यंत उसळलं.

“बाई गं!” सासूबाई म्हणाल्या.

सीलबंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काचेवर नाक टेकलेल्या त्या पोराला अखेर कुणीतरी नाणं दिलं होतं.

डॉक्टर आले तेव्हा दार उघडायला कुणी गेलं नाही. बेल दोनदा वाजली, ती मशीनचीच असेल असं सगळ्यांना वाटलं. शेवटी ते दार ढकलून आत आले. साठीचे, टापटीप, हातांत पांढरे हातमोजे, खिशात भिंग. सासूबाई खेळत होत्या. मेव्हणा आणि ताई दोन्ही बाजूंनी ओरडत होते. डॉक्टरांनी फाटलेलं खोकं पाहिलं, जमिनीवरच्या गोळ्या पाहिल्या.

“उघडलंत?” एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“उघडलं गेलं,” सीलबंदराव म्हणाले.

डॉक्टरांनी भिंग खिशात परत ठेवलं. “लोक विचारतात, मर्यादित आवृत्तीची किंमत टिकते का? मी सांगतो, टिकते. वाढतेसुद्धा. साचा मोडलेला असला पाहिजे, तबकडीवर नंबर असला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे हात लागलेला नसला पाहिजे. माझ्याकडे अकरा आहेत. एकाचंही सील तुटलेलं नाही. हेच ‘सागरतळ’ माझ्याकडे दोन आहेत. एक ठेवायला, एक विकायला.”

“आणि खेळायला?” सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

त्याच वेळी देवमाशाने चेंडू गिळला, अंधार झाला आणि कारंजं उसळलं. उजेड परत आला तेव्हा डॉक्टर मशीनला चिकटून उभे होते.

“खरंच तोंड उघडतो,” ते पुटपुटले. “मी फक्त वाचलं होतं.”

“किंमत टिकेल हो बाबा,” सासूबाई बाजूला सरत म्हणाल्या, “पण तोवर तुम्ही टिकाल का? या, एक डाव घ्या.”

डॉक्टरांनी पांढरे हातमोजे काढले. पहिला चेंडू सुटला तसे ते दचकले. रोज दुसऱ्यांना ‘घाबरू नका’ म्हणणारा माणूस ओठ दाबून उभा होता. दुसऱ्या डावात त्यांनी कोट काढला. पाचव्या डावात ते देवमाशाशी एकेरीवर आले. जेवायची वेळ टळून गेली, कुणाच्या ध्यानात आली नाही.

अखेर घाम पुसत ते सीलबंदरावांकडे वळले. “व्यवहाराचं बोलायचं तर, उघडलेलं म्हणजे निम्मी किंमत. त्याहून जास्त मला देता यायचं नाही.”

सीलबंदरावांनी मशीनकडे पाहिलं. सकाळी हे खोकं विकणं सोपं होतं. आता खोकं उरलंच नव्हतं, देवमासा होता. पण दारातून स्वयंपाकघर दिसत होतं, गॅसशेजारचं शिलाई मशीन दिसत होतं, त्यावर कांद्याच्या वासाचा तो रेशमी झगा उसवून ठेवलेला होता.

“निम्मी तर निम्मी,” ते म्हणाले. “घेऊन जा. खोली हिची आहे. मी शब्द दिलाय.”

“थांबा हो जरा,” ताई म्हणाली. तिने गळ्यातली टेप काढली. मशीनची रुंदी मापली, भिंत मापली, मग खिडकीपासून मशीनपर्यंतची जागा मापली. मग खाली बसून फरशीवरच्या चिकटपट्टीत नख घातलं आणि ती सरसर सोलून काढली. पट्टीखालच्या फरशीचा मूळ रंग सगळ्यांना प्रथमच दिसला.

“खोली खोक्याने नव्हती अडवली,” ती म्हणाली. “त्याच्याभोवतीच्या तीन-तीन फुटांनी अडवली होती. आता त्याला हात लावायचाच आहे, तर ते त्या भिंतीला सरकवा. माझं मशीन इथे, खिडकीपाशी. विकायचं नाही.”

“अगं, पण…”

“आणि ती खिडकी उघडा आधी.”

खिडकी जोर लावल्याशिवाय निघेना. मेव्हण्याने एक बुक्की मारली आणि दुपारचं ऊन भसकन आत आलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर निराशा यायला हवी होती, पण ते चक्क हसत होते.

“बरं केलंत. घरी नेलं असतं तर बायकोने विचारलं असतं, हे इतकं छान वाजतं, मग ती अकरा का बंद आहेत? तिला मी सांगितलंय, ही गुंतवणूक आहे, उघडता येत नाही.” मग जरा आवाज खाली करून म्हणाले, “मी रविवारी येत जाऊ का?”

ते येऊ लागले. पण आल्या आल्या त्यांचा नंबर कधी लागत नसे. ताईने आईशी करार केला होता: एक गोळी समोर गिळली की एक डाव. सासूबाई आता ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या मागत, आणि ताईला डबा कुलपात ठेवावा लागे. पाटीवर गुणांचा सगळ्यात मोठा आकडा सासूबाईंचा आणि त्याच्या खाली डॉक्टरांचा होता, आणि त्याचं दुःख ते दर रविवारी नव्याने सांगत.

सीलबंदरावांची सवय मात्र एका दिवसात जाणारी नव्हती. एका संध्याकाळी ते उत्तम निळं कापड घेऊन आले, मोठ्या मापाचं. “अगं, मशीनला एक कव्हर शिवून दे ना. धूळ बसते. काचेवर बोटं उमटतात सगळ्यांची.”

ताईने कापड हातात घेतलं, पोत पाहिला, उजेडाला धरलं. मग खिडकीपाशी बसली आणि कात्री लावली. कात्रीचा आवाज ऐकून सीलबंदराव नेहमीप्रमाणे तोंड फिरवून उभे राहिले. अखंड कापड कापलेलं त्यांना बघवत नसे. पलीकडे देवमासा कुणाचा तरी चेंडू गिळत होता.

रात्रीच्या जेवणाआधी तिने हाक मारली. तिच्या हातात कव्हर नव्हतं, शर्ट होता. निळा, त्यांच्या मापाचा, अजून गरम इस्त्रीचा.

“सुंदर झालाय,” सीलबंदराव हरखून म्हणाले. “पिशवी आहे का एखादी? कपाटात ठेवतो.”

ताईने त्यांच्या अंगातला कॉलर विरलेला शर्ट बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं.

“घाला,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर घडी मोडा.”

त्यांनी शर्ट घातला. वरचं बटण तिनेच लावलं. मग ते दोघे मशीनकडे गेले, आणि सासूबाईंनी कुरकुर न करता जागा दिली.